शाळा निवडायची कुणी, कुणासाठी?

गेल्या भादव्यात जळकोट तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी करत होतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि निम्मा तांडा कारखान्याकडे निघतो. त्याआधी यादी तालुक्याला पोचली, तर मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत देता येतो. अशा बैठकीला तोडीला न जाणाऱ्या बायाही येऊन बसतात. मग मी सगळ्याच घरांची माहिती लिहून घेते. किती लेकरं, वय काय, शाळा कोणती. त्या दिवशी पंधरा-वीस घरं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की एकाच घरातल्या बहीणभावांपुढे मी दोन वेगळ्या शाळा लिहिते आहे. "पोरगं इंग्लिशला जायलंय, पिवळ्या गाडीत. पोरगी गावातच हाय, झेडपीत."

हे कुणी तक्रार म्हणून सांगत नव्हतं. ऊन आहे, पाऊस आहे, तसंच हेही आहे. एकीला मी विचारलं, "आक्का, दोघं वेगवेगळ्या शाळेत का हो?" ती हसली. म्हणाली, "दोघाची फी कुठून आणू ताई? आन् पोरगी घराजवळच बरी. मी कामावरून येस्तवर पाणी भरून ठिवती, धाकल्याला बघती."

मी पुढं विचारलं, "आणि ही तांड्यावरची शाळा बंद झाली तर?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "मग ऱ्हाईल घरी."

या तीन शब्दांवर मला या अंकात लिहायचं आहे. शहरात सध्या शाळा निवडीच्या स्वातंत्र्याची बरीच चर्चा चालते. वर्तमानपत्रांत लेख येतात, परिसंवाद होतात. त्या चर्चेत 'पालक' हा शब्द शंभर वेळा येतो, 'मुलगी' हा शब्द क्वचित. आपल्या गटांनी या चर्चेकडे 'हा शिक्षणवाल्यांचा प्रश्न' म्हणून पाहिलं आहे. मला वाटतं, ही आपली चूक आहे.

आधी ही कल्पना काय आहे ते नीट पाहू. आज शासन पैसा देतं तो शाळेला. शिक्षकांचा पगार, इमारत, खडू-फळा. व्हाउचरची कल्पना अशी, की हा पैसा शाळेला न देता मुलाच्या नावे द्यावा. आईबापांच्या हातात एक चिठ्ठी येईल. ती त्यांनी हव्या त्या शाळेत द्यावी, सरकारी नाहीतर खाजगी. शासन त्या शाळेला पैसे देईल. मुलं मिळवण्यासाठी शाळांची स्पर्धा लागेल, चांगल्या टिकतील, वाईट आपोआप बंद पडतील. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हा विचार मांडला. चिली देशात लष्करी राजवटीनं १९८१ साली तो देशभर लागू केला. आपल्याकडे दिल्लीत २००७ साली एका संस्थेनं लहान प्रमाणावर त्याचा प्रयोग केला.

महाराष्ट्रात या नावानं योजना नाही. जळकोटात व्हाउचर हा शब्द कुणी ऐकलेलाही नसेल. पण त्या विचाराची दोन्ही टोकं आपल्यापर्यंत येऊन पोचलेली आहेत. एका टोकाला, शासनाच्या पैशानं खाजगी शाळेत जाण्याची सोय. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांचा खर्च शासनानं शाळेला द्यायचा. आदिवासी आणि धनगर समाजातल्या मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवून त्यांची फी शासनानं भरायची, अशाही योजना आहेत. शिवाय २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानं अशा नव्या शाळांचा मार्ग मोकळा केला.

दुसऱ्या टोकाला, लहान सरकारी शाळा आवरत्या घेणं. २०१७ च्या डिसेंबरात राज्य शासनानं दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय जाहीर केला. २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. तांडे, वाड्या, पाडे, वस्त्या यांच्याच बहुतेक शाळा या यादीत बसतात. लोकांनी, शिक्षक संघटनांनी विरोध केला म्हणून हा विषय थोडा मागं पडला, संपलेला नाही.

ही दोन टोकं वेगळी नाहीत. मुलगा पिवळ्या गाडीत बसला की तांड्यावरच्या शाळेचा पट एकानं कमी होतो. असे सात-आठ मुलगे गेले की शाळा वीसच्या खाली येते. मागे राहतात त्या बहुतेक मुली आणि अगदीच गरिबांची लेकरं. मग त्यांच्याच शाळेला 'कमी पटाची, खर्चिक शाळा' म्हणायचं. भावाची निवड बहिणीची शाळा अशी बंद करते. यात कुणाचा कट असावा लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. त्यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. निवड आजही आहेच, फक्त ती पैसेवाल्यांना आहे. तालुक्याच्या गावात राहणारा नोकरदार आपलं मूल हव्या त्या शाळेत घालतो. झेडपीच्या किती शिक्षकांची मुलं झेडपीत आहेत हे गाव जाणून असतं. मग तांड्यावरच्या बाईनंच काय घोडं मारलं आहे? 'तू गरीब आहेस म्हणून तुझ्या लेकरानं सरकारी शाळेतच बसावं' असं तिला सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला?

हे मी परक्याचं म्हणून लिहीत नाही. माझी स्वतःची मुलगी पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जाते. मी मीटिंगमध्ये सार्वजनिक शिक्षणावर बोलते आणि सकाळी साडेसातला तिच्या गळ्यात टाय अडकवते. एकदा एका मावशींनी भर बैठकीत मला विचारलं, "तुमची कुठं जाती ताई?" मी खरं सांगितलं. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण त्या दिवसानंतर 'पालकांना कळत नाही, इंग्रजीच्या मोहात पडतात' असं वाक्य मी कधी उच्चारलं नाही. त्यांना कळतं. जिथं एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, दुसरा तालुक्याला माहिती भरायला गेलेला असतो, तिथून लेकरू काढणाऱ्या आईला मूर्ख म्हणता येत नाही.

पण मला एकच मुलगी आहे. म्हणून मला निवड करावी लागली नाही. माझ्या आईला करावी लागली होती. दहावीनंतर भाऊ लातूरला गेला. लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, खोली भाड्यानं घेतली, क्लास लावले, त्यासाठी सोयाबीनची दोन वर्षांची पट्टी गेली. मला त्याच्यापेक्षा मार्क जास्त होते, पण मी गावाजवळच्या कॉलेजात राहिले. भावाचं शिक्षण संपल्यावर माझा नंबर लागला, म्हणून मी एम.एस.डब्ल्यू. होऊ शकले. माझ्या बरोबरीच्या कितीकींचा नंबर लागलाच नाही. माझ्या आईनं अन्याय करायचा म्हणून केला नव्हता. पैसा एकाचाच होता आणि लेक परक्या घरी जाणार होती.

म्हणून मला या सगळ्या वादात पहिला प्रश्न विचारायचा आहे तो असा : पालक म्हणजे कोण? व्हाउचरचा सगळा हिशेब असं धरून चालतो, की घर म्हणजे एक माणूस आणि तो आपल्या सगळ्या मुलांचं भलं सारखंच पाहतो. घर तसं नसतं, हे सांगायला आपली चळवळ उभी राहिली. घरात कुणी आधी जेवायचं, कुणी शिळं खायचं, कुणाच्या तापाला डॉक्टर आणि कुणाच्या तापाला काढा, हे ठरलेलं असतं. शाळाही त्याच रांगेत येते. 'असर'च्या अहवालांत ग्रामीण भागातल्या खाजगी शाळांत मुलींपेक्षा मुलग्यांचं प्रमाण सातत्यानं जास्त दिसतं, ते यामुळेच.

यावर उत्तर मिळतं, की चिठ्ठी फुकट असेल तर मुलीलाही मिळेल, फीचा प्रश्नच उरणार नाही. फी हा खर्चाचा एक भाग आहे. गाडीचं भाडं आहे, गणवेश-बूट आहे, वह्या आहेत, स्नेहसंमेलनाची वर्गणी आहे. २५ टक्क्यांत नंबर लागलेल्या घरांतही हे खर्च शेवटी आईबापांच्याच अंगावर येतात, असं मी कित्येक घरांत पाहिलं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा आहार मिळतो. खाजगी विनाअनुदानित शाळेत तो नाही. सकाळी सातला खुरपायला जाणाऱ्या बाईनं दोन डबे कधी करायचे? आणि सर्वांत मोठा खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही. मुलगी सकाळी साडेसातला जाऊन संध्याकाळी पाचला आली, तर पाणी कुणी भरायचं, धाकट्याला कुणी सांभाळायचं? जवळची शाळा मुलीला परवडते, कारण ती शाळा आणि घरकाम दोन्ही करते. हे आपल्याला मान्य नाही, बदलायचंच आहे. पण ते बदलेपर्यंत जवळची शाळा काढून घेतली, तर घरकाम राहील आणि शाळा जाईल.

कागदांचंही तसंच. २५ टक्क्यांचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सोडत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा. विधवा असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा कागद. पण आपल्या भागात घटस्फोट होतो किती जणींचा? नवऱ्यानं टाकून दिलेली, माहेरी भावाच्या पडवीत राहणारी बाई कोणता कागद दाखवणार? तिचं नाव सासरच्या रेशन कार्डावर, लेकराच्या नावापुढे त्या माणसाचं नाव, आणि तो माणूस सही द्यायला तयार नाही. ज्या बाईच्या लेकीला शाळेची सर्वांत जास्त गरज, तीच या रांगेत मागं राहते. तांड्यावरच्या शाळेत मात्र तिनं लेकीचा हात धरून नेलं, की मास्तर नाव लिहून घेतात. शिक्षण हक्क कायद्यानं कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि हा नियम खऱ्या अर्थानं पाळला जातो तो सरकारी शाळेतच.

आणखी एक गोष्ट. २५ टक्क्यांची सवलत आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी भरा, नाहीतर दाखला काढा. त्या वेळी मुलगी चौदा वर्षांची असते. मराठवाड्यात चौदा-पंधरा हे काय वय असतं, ते आपल्याला माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये सुमारे ४४. जिथं ऊसतोड, तिथं कोयत्यासाठी जोडी लागते आणि मागं एकटी मुलगी ठेवायची भीती असते. शाळा सुटली की लग्न ठरतं. मग मुलगी इंग्रजी शाळेतून सुटली काय आणि मराठी शाळेतून सुटली काय, फरक पडत नाही.

इथं गैरसमज होऊ नये म्हणून एक सांगते. २५ टक्के जागा बंद व्हाव्यात असं माझं म्हणणं नाही. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य शासनानं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. तेव्हा मलाही आनंद झाला. श्रीमंतांच्या शाळेचं दार गरिबाला बंद असू नये, हे बरोबरच आहे. पण ते दार हा सरकारी शाळेला पर्याय नाही. दर मुलामागे ठरलेली रक्कम खाजगी शाळेला देऊन टाकली की शासनाची जबाबदारी संपली, हा विचार धोक्याचा आहे. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये होती आणि तीही वर्षानुवर्षं थकते, अशी संस्थाचालकांची ओरड असते. ज्या शासनाला एवढे पैसे वेळेवर देता येत नाहीत, ते राज्यातल्या सगळ्या मुलांच्या चिठ्ठ्या वटवणार आहे का?

खाजगी शाळेत गेल्यानं मुलं जास्त शिकतात का, हाही प्रश्न विचारायला हवा. २००८ पासून आंध्र प्रदेशातल्या १८० खेड्यांत याचा मोठा प्रयोग झाला. सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेसाठी व्हाउचर दिलं आणि चार वर्षांनी तपासलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २०१५ साली त्याचे निष्कर्ष मांडले. तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांत आणि या मुलांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगीतली मुलं पुढं होती, कारण सरकारी शाळेत खालच्या वर्गांना हिंदी शिकवतच नव्हते. मात्र खाजगी शाळेचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या साधारण एक तृतीयांश होता. व्हाउचरवाले हे फार अभिमानानं सांगतात : तेवढंच शिक्षण, एक तृतीयांश पैशात.

हा खर्च कमी कशामुळे, ते मात्र विचारावं लागतं. मुख्यतः शिक्षकांच्या पगारामुळे. आणि या शाळांत शिकवणाऱ्या बहुसंख्य कोण असतात? गावातल्या, जवळच्या, शिकलेल्या, लग्नाच्या किंवा नुकत्याच लग्न झालेल्या मुली, ज्यांना लांब नोकरीला पाठवायला घर तयार नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतही डी.एड., बी.एड. झालेल्या मुली महिन्याला काही हजारांवर अशा शाळांत शिकवतात. सुट्टीचा पगार नाही, बाळंतपणाची रजा मागितली की जागा गेली. म्हणजे ही स्वस्त शाळा बाईच्या स्वस्त श्रमावर चालते. अंगणवाडी सेविका, आशा, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया यांच्या मानधनासाठी आपण रस्त्यावर उतरतो. तोच नियम इथं लावायला आपण विसरलो आहोत.

चिलीत पुढं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. १९८१ साली तिथली जवळजवळ ऐंशी टक्के मुलं सार्वजनिक शाळांत होती. पुढच्या तीस वर्षांत ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं. खाजगी शाळा मुलं निवडून घेऊ लागल्या, वर फी घेऊ लागल्या. पालकांनी शाळा निवडायची होती, प्रत्यक्षात शाळांनी पालक निवडले. २०११ साली तिथले विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर आले. अखेर २०१५ साली कायदा करून शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळांना मुलं निवडणं, वरची फी घेणं आणि नफा कमावणं टप्प्याटप्प्यानं बंद करावं लागलं. मोडलेली सार्वजनिक शाळा पुन्हा उभी करायला पिढी जाते.

आपला वारसा वेगळा आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती पालकांची मागणी होती म्हणून नव्हे. तेव्हा पालकांची पसंती विचारली असती, तर उत्तर ठरलेलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शेतकऱ्याच्या सारापट्टीतून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो हे दाखवून दिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. सक्ती हा शब्द आज कुणाला आवडत नाही. पण मुलीच्या बाजूनं घराशी बोलायला कुणीतरी बाहेरचं लागतं, हे त्या शब्दामागचं शहाणपण आहे. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये सर्वांना समान, शेजारच्या शाळेची शिफारस केली, तीही याच वाटेवरची. आपल्या निजामी मराठवाड्यात १९४८ च्या आधी शाळाच दुर्मीळ, मुलींच्या तर विचारूच नका. आज सत्तर-ऐंशीच्या असलेल्या आपल्या आज्या अंगठा करतात, त्या काय अडाणी म्हणून जन्मल्या नव्हत्या. त्यांच्या गावात शाळा नव्हती.

तरीही नुसती 'सरकारी शाळा वाचवा' अशी घोषणा देऊन भागणार नाही. वाचवायची तर ती वाचवण्यासारखी करावी लागेल. आणि त्यासाठी कायद्यानं एक जागा आपल्याला दिलेली आहे, जी आपण वापरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. ही तरतूद खाजगी विनाअनुदानित शाळेला लागू नाही. तिथं आई फार तर फी भरणारी गिऱ्हाईक आहे. पटलं नाही तर दुसरी शाळा बघा, असं तिला सांगता येतं. तांड्यावरच्या शाळेत ती कायद्यानं समितीची सदस्य आहे, तिला जाब विचारता येतो. चिठ्ठी हातात घेताना ही खुर्ची आपण सोडून देतो, हे लक्षात घ्यायला हवं.

आज ही खुर्ची रिकामी आहे. रजिस्टर घरी येतं आणि चुलीपुढं बसलेल्या बाईची सही किंवा अंगठा घेऊन जातं. बऱ्याच जणींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. आम्ही ज्या तांड्याची यादी करत होतो, तिथं मी मग हाच विषय काढला. समितीत कोण बाया आहेत? कुणालाच सांगता येईना. शाळेत जाऊन रजिस्टर पाहिलं, तर 'मग ऱ्हाईल घरी' म्हणणाऱ्या आक्काचंच नाव त्यात होतं. तिची सहीही होती. "कशाची म्हून केली काय की," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात बैठक झाली, ती शाळेच्या ओट्यावर. सात बाया आल्या. पहिला प्रश्न आक्कानंच विचारला : मुलींच्या संडासाला कुलूप का? मास्तर म्हणाले, पाणी नाही. आक्का म्हणाली, पाणी आमच्या पोरीच भरतात की, त्यांच्यासाठीच नाही का? दुसरा प्रश्न शिक्षकांचा. दोन शिक्षकांपैकी एक आठवड्यातून किती दिवस माहिती भरायच्या कामाला जातो, याची समितीनं नोंद ठेवायची असं ठरलं. त्या नोंदीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज गेला आहे. कुलूप उघडलं. शिक्षकाचं अजून काही झालेलं नाही. आणि त्या तांड्यावरचा एकही मुलगा अजून पिवळ्या गाडीतून उतरून परत झेडपीत आलेला नाही. हेही सांगायला हवं.

आपल्या गटांपुढे म्हणून मी तीन कामं ठेवते. पहिलं, आपल्या गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीचं रजिस्टर पाहा, त्यात कोणत्या बायांची नावं आहेत ते त्यांना जाऊन सांगा आणि पुढची बैठक घरी नव्हे, शाळेत भरवा. दुसरं, आपल्या भागातल्या वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची यादी करा आणि त्यांतल्या मुली किती, मुलगे किती हे वेगळं लिहा. शाळा बंद करण्याचा किंवा जोडण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा हा आकडा आपल्या हातात असला पाहिजे. मुली तिथून पुढच्या शाळेत रोज कशा जाणार, हे लेखी मागा. 'गाडीची सोय करू' या तोंडी आश्वासनावर सही करू नका. तिसरं, आठवीनंतर सवलत संपणाऱ्या मुलींचा प्रश्न. ही सवलत बारावीपर्यंत जावी, आणि तोवर अशा प्रत्येक मुलीच्या घरी नववीच्या आधी आपल्यापैकी कुणीतरी एकदा जाऊन यावं.

माझ्या मुलीचं काय, असं कुणी विचारेल. विचारावंच. तिला पुढच्या वर्षी काढून झेडपीत घालीन, अशी प्रतिज्ञा मी इथं करत नाही. कारण ती पाळेन याची मला खात्री नाही, आणि आमच्या घरातही निवड मी एकटी करत नाही. पण माझ्या घराजवळच्या सरकारी शाळेच्या समितीची बैठक कधी असते, हे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. ते मी या महिन्यात विचारून आले. बैठक शनिवारी आहे. मी पालक नाही म्हणून मला मत नाही, पण बसायला कुणी नाही म्हणणार नाही. तिथल्या सदस्य बायांना मी बोलवायला जाणार आहे.